आईची हिशेबाची वही

पितृपक्षात आईची तिथी आली की भाऊ, भावजया, नातवंडे अशी सारी मंडळी आमच्या घरी जमतात. यंदाही जमली. जेवणे आटोपल्यावर सुपारी कातरताना कोणीतरी नेहमीचे वाक्य उच्चारले, "आजींनी फार कष्ट केले हो!" सर्वांनी माना डोलावल्या आणि विषय संपला. वाक्य खोटे नाही. परंतु कष्ट म्हणजे नेमके काय आणि ते किती मोलाने केले, हे तिथे बसलेल्या एकाही नातवंडाला सांगता आले नसते. म्हणून या महिन्याच्या सदरात घरचीच गोष्ट लिहीत आहे. वाचकांनी गोड मानून घ्यावी.

आईचा जन्म १९२४ सालचा, बडोद्याचा. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते आणि ती सक्ती मुलींनाही लागू होती. त्या पुण्याईने ती चार यत्ता शिकली. पुढचे शिक्षण मध्यवर्ती ग्रंथालयातून आणलेल्या कादंबऱ्यांवर झाले. वडील संस्थानी कचेरीत कारकून होते. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तरी नोकरी टिकली. १९५६ साली मात्र वडीलच गेले. आई तेव्हा बत्तीस वर्षांची होती, मी सहा वर्षांची, आणि माझ्या पाठचे दोघे भाऊ.

पुण्याच्या मामांनी बोलावणे धाडले. आई गेली नाही. "इथे मला लोक ओळखतात. तिथे मी कुणाची तरी बहीण होऊन राहीन," एवढेच ती म्हणाली. हातातल्या पाटल्या मोडून तिने पायाने चालवायचे शिवणयंत्र घेतले आणि दांडिया बाजारातल्या आमच्या दोन खोल्यांत ते खिडकीपाशी मांडले. झबली, टोपडी, परकर, ब्लाऊज. शेजारच्या गुजराती बायका चणिये घेऊन येत आणि तिला 'मासी' म्हणत. उन्हाळ्यात पापड-कुरडया, दिवाळीपूर्वी रात्री एकेकपर्यंत यंत्राचा खडखडाट. त्या आवाजाखेरीज मला झोप येत नसे.

आणि तिची वही! गुजराती व्यापारी दिवाळीत पूजतात तसली, लाल कापडी बांधणीची. शिवलेला प्रत्येक कपडा तीत नोंदलेला असे. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, तेव्हा तिने सगळे दर नव्याने मांडले. झबल्याचे सहा आणे म्हणजे साडेसदतीस नवे पैसे. अर्धा पैसा कोणी सोडायचा, यावर बाजारात त्या दिवसांत भांडणे होत. आईच्या वहीत सरळ ३७ लिहिलेले आहे. अर्धा पैसा तिचा गेला.

आता जे सांगायचे आहे ते सांगते. १९६१ सालची दिवाळी जवळ आली होती. माझ्या वर्गातली एक मुलगी आपल्या आईबरोबर तीन ब्लाऊज शिवायला टाकण्यासाठी आमच्या दारात आली. तिची आई एका मोठ्या अधिकाऱ्याची पत्नी होती. मी आतल्या खोलीत पळाले आणि दाराआड उभी राहिले. त्या गेल्यावर आईने विचारले, "अगं, तुझी मैत्रीण ना ती? बाहेर का नाही आलीस?" मी म्हणाले, "ती शाळेत सगळ्यांना सांगेल, की हिची आई लोकांचे कपडे शिवते." आई काही बोलली नाही. माप टिपलेला कागद तिने कापडात घडी करून ठेवला. त्या मुलीने शाळेत अवाक्षरही काढले नाही. मीही ते पुढे विसरून गेले.

पुढे भाऊ नोकरीला लागले, आम्हां तिघांची लग्ने झाली, तरी यंत्र थांबले नाही. मे महिन्यात पुण्याहून माझी मुले 'बडोद्याच्या आजी'कडे येत. ती त्यांना हूक लावायला नि काजे करायला बसवी आणि प्रत्येक काजामागे पाच पैसे मोजून देई. फुकट काम करून घेणे तिला मंजूर नव्हते, नातवंडांकडूनही! गिऱ्हाइकांनी परत न नेलेल्या चिंध्यांची तिने गोधडी शिवली होती. मुले एकेका तुकड्यावर बोट ठेवीत आणि आजी तो कोणाच्या कपड्याचा, ते न अडखळता सांगे.

२००४ साली ती गेली. खोली आवरताना त्या लाल वह्या हाती लागल्या, आणि १९६१ सालच्या वहीत आश्विनाच्या पानावर मला ती ओळ दिसली. त्या बाईंचे आडनाव, पुढे 'ब्लाऊज ३', पुढे दर प्रत्येकी सव्वा रुपया. रकमेच्या रकान्यात आकडा नाही. तिथे लिहिले आहे, 'काम परत केले.' त्याच्याखालची ओळ किराणा दुकानाची आहे : 'तेल व साखर उधार, रु. ३.७५.'

त्या दिवाळीत आमच्याकडे चकल्या चांगल्या झाल्या होत्या, एवढेच मला आठवत होते.

ते पान मी आजवर भावांना दाखवलेले नाही. हा अंक त्यांच्याही घरी जातो.