उमेदवार ऐकावा कसा?

सभेहून परतणाऱ्या गृहस्थास "भाषण कसे झाले?" असे विचारले असता "वा! फारच उत्तम!" असे उत्तर तत्काळ मिळते. परंतु "वक्ते काय म्हणाले?" असा दुसरा प्रश्न केला, की तोच गृहस्थ घुटमळू लागतो. वक्त्याचा आवाज, त्याचा आवेश, लोकांची दाटी, एखादी मार्मिक कोटी, एवढे त्याच्या ध्यानात राहिलेले असते. वक्त्याने कोणते काम पत्करले आणि ते कोणत्या मार्गाने करण्याचे सांगितले, हे राहिलेले नसते. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस आता थोड्याच काळात मताचा अधिकार प्राप्त व्हावयाचा आहे. सबब उमेदवारास ऐकावे कसे, याचा विचार त्यांनी व त्यांच्या पालकांनी आताच करणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

सातारा व सांगली हे मूळचे एकाच घरचे दोन भाऊ. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. वक्तृत्वाची आवड दोन्हीकडे सारखीच. क्रांतिसिंह नाना पाटील खेडुतांच्या भाषेत बोलू लागले म्हणजे पंचक्रोशीतील माणसे भाकरी बांधून ऐकावयास येत, असे जुनी मंडळी सांगत आली. १९५७ साली साताऱ्याने त्यांना लोकसभेत धाडले, ते मात्र केवळ वाणीच्या बळावर नव्हे. प्रतिसरकारच्या दिवसांतील त्यांची कामगिरी लोकांनी डोळ्यांनी पाहिली होती. भाषण व काम यांची अशी गाठ पडलेली असली म्हणजे श्रोत्याचे काम सोपे होते. ती नसते तेव्हाच खरी अडचण.

आता १८ ऑक्टोबर २०१९ ची साताऱ्याची सभा पाहू. श्री. उदयनराजे भोसले यांनी पक्ष बदलून लोकसभेच्या जागेचा राजीनामा दिल्याने विधानसभेच्या निवडणुकीबरोबरच तेथे पोटनिवडणूक होत होती. त्यांच्याविरुद्ध श्री. श्रीनिवास पाटील उभे होते. सायंकाळी मुसळधार पाऊस आला आणि ७८ वर्षांचे श्री. शरद पवार भिजत भाषण करीत राहिले. मागील खेपेस उमेदवार निवडण्यात आपली चूक झाली, अशी कबुलीही त्यांनी त्या भाषणात दिली. ते चित्र देशभर गेले. मतमोजणीत श्रीनिवास पाटील ८७,७१७ मतांनी विजयी झाले. वृद्ध माणसाची ती जिद्द पाहून कोणाचेही मन हलावे, हे आम्ही मान्य करतो. परंतु एक गोष्ट आमच्या मनास सारखी टोचते. पावसात भिजणारे पवार त्या जागेचे उमेदवार नव्हतेच! दिल्लीस जावयाचे होते ते श्रीनिवास पाटील. हे गृहस्थ सनदी अधिकारी होते, खासदार होते, सिक्कीमचे राज्यपालही होते. सांगण्यासारखे त्यांच्यापाशी पुष्कळ असले पाहिजे. तथापि त्यांच्या तोंडचे एक वाक्य आज किती जणांस आठवते? दुसऱ्या पक्षाची स्थिती निराळी नव्हती. आदल्याच दिवशी प्रत्यक्ष पंतप्रधान साताऱ्यास येऊन गेले होते. म्हणजे लोकांनी दोन थोर वक्ते तोलून पाहिले, आणि त्यांच्या सावलीत उभ्या असलेल्या दोन उमेदवारांपैकी एकास मत दिले. वराची पारख करण्याऐवजी वऱ्हाडाची पारख करून सोयरीक ठरविण्यासारखाच हा प्रकार होय.

अमेरिकेतील एक चाल या ठिकाणी सांगण्यासारखी आहे. तेथे राष्ट्राध्यक्षपदाची इच्छा धरणाऱ्या माणसास प्रथम आपल्याच पक्षातील इतर इच्छुकांशी झुंजावे लागते. आयोवा हे मक्याच्या शेतीचे व डुकरे पाळणाऱ्यांचे राज्य. तेथे ही परीक्षा फार लवकर सुरू होई. रिपब्लिकन पक्षाची इच्छुक मंडळी निवडणुकीच्या सव्वा वर्ष आधीच तेथील एम्स गावी गोळा होत आणि एकामागून एक भाषणे करीत. नंतर जमलेले लोक नमुन्यादाखल मते देत. १९७९ पासून २०११ पर्यंत हा मेळावा भरत असे, पुढे तो बंद पडला. त्यात दोष नव्हते असे नव्हे. मत देण्यास तिकीट लागे, २०११ साली ते ३० डॉलरचे होते, आणि आपल्या पाठीराख्यांची तिकिटे बहुधा उमेदवारच विकत घेत. (ट्रक भरून माणसे आणण्याची विद्या आपल्याच मुलखात उपजली, असा अभिमान कोणी बाळगीत असल्यास तो सोडावा.) त्या वर्षी मिशेल बाकमन या बाई पहिल्या आल्या, पाच महिन्यांनी आयोवातच पक्षाचे खरे मतदान झाले तेव्हा त्या सहाव्या ठरल्या व दुसऱ्या दिवशी शर्यतीतून बाहेर पडल्या. पहिल्या दर्शनाचा ठसा किती काळ टिकतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

परंतु त्याच सप्ताहात आयोवाच्या राज्यजत्रेत याहून बोधप्रद प्रसंग घडला. तेथे एक वृत्तपत्र साधासा मंच उभारते. इच्छुकाने वीस मिनिटे उभे राहावयाचे, पुढ्यात जत्रेस आलेले कोणीही. मिट रॉम्नी बोलत असता गर्दीतून करांविषयी आरडाओरडा झाला, आणि उत्तराच्या भरात ते म्हणून गेले की कंपन्या म्हणजेदेखील माणसेच. या एका वाक्याने २०१२ च्या नोव्हेंबरपर्यंत त्यांचा पिच्छा पुरविला. त्यांचे म्हणणे बरोबर की चूक, हा वाद येथे नको. लिहून आणलेल्या शंभर भाषणांतून जे दिसले नसते ते एका अडवणुकीने दिसले, हे मात्र खरे. मनुष्य कसा आहे हे त्याच्या भाषणावरून थोडे कळते, उत्तरावरून अधिक कळते.

आपल्याकडे उत्तराचा प्रसंगच उमेदवारावर येत नाही. इच्छुकांची निवड बंद दाराआड होते आणि लोकांपुढे येतो तो ठरलेला माणूस. सांगलीने २०२४ साली हे चांगलेच अनुभवले. मार्च महिन्यात मिरजेच्या सभेत श्री. उद्धव ठाकरे यांनी दोन वेळा महाराष्ट्र केसरी झालेले पैलवान श्री. चंद्रहार पाटील यांची उमेदवारी जाहीर केली. काँग्रेसवाल्यांस हे रुचले नाही आणि वसंतदादांचे नातू श्री. विशाल पाटील लिफाफा हे चिन्ह घेऊन अपक्ष उभे राहिले. निकालात त्यांना ५,७१,६६६ मते मिळाली, भाजपचे श्री. संजयकाका पाटील यांना ४,७१,६१३, आणि पैलवानांना अवघी ६०,८६०. कुस्तीवर जीव टाकणाऱ्या या जिल्ह्याने आखाड्यातील कौतुक आखाड्यातच ठेविले, यात आम्हांस मतदारांचा विवेक दिसतो. बंद दाराआडचा निर्णय त्यांनी उघड्यावर फिरविला. तरीपण आजोबांच्या नावाचा वाटा त्यात किती आणि नातवाच्या विचारांचा किती, हे कोणी सांगू शकेल काय? तो प्रश्न विचारण्याची जागाच कोठे नव्हती.

आणि विचारण्यासारखे प्रश्न या जिल्ह्यात थोडे का आहेत? पश्चिमेस कृष्णेचा पूर २००५, २०१९ व २०२१ साली घरांत शिरला. पूर्वेस जत तालुका पाण्यासाठी तळमळत राहिला, इतका की २०२२ साली तेथील काही गावांनी कर्नाटकात जाण्याची भाषा केली. पुराचा विषय निघताच व्यासपीठावरून अलमट्टी धरणाच्या नावाने बोटे मोडली जातात व टाळ्या पडतात. उमेदवारास नम्रपणे विचारावे : "साहेब, २०२० साली वडनेरे समितीने अहवाल दिला, त्यात अलमट्टीस पुराचे मुख्य कारण मानलेले नाही. हा अहवाल आपण वाचला आहे काय? तो आपणांस अमान्य असल्यास कोणत्या आधारावर? आणि मान्य असल्यास पूररेषेतील बांधकामांविषयी आपण काय करणार?" जतच्या मनुष्याने विचारावे : "विस्तारित म्हैसाळ योजनेचे पाणी आमच्या गावी कोणत्या वर्षी येईल? त्याच्या विजेचे बिल कोण भरील?" या प्रश्नांस आवेशाने उत्तर देता येत नाही, माहिती असावी लागते.

आमची सूचना अशी की, प्रत्येक तालुक्याच्या गावी शिक्षक, वकील, डॉक्टर, शेतकरी अशा पाच-सात निःपक्षपाती मंडळींनी पुढाकार घ्यावा आणि सर्व उमेदवारांस एकाच दिवशी, एकाच मंचावर बोलवावे. हार नकोत, घोषणा नकोत, पाहुणे वक्ते तर मुळीच नकोत. प्रश्न आधी लेखी मागवावेत, तेच प्रश्न सर्वांस विचारावेत, घड्याळ एकाने धरावे. वरच्या वर्गांतील मुलामुलींनी उत्तरे वहीत टिपून घ्यावीत. पाच वर्षांनी ती वही पुन्हा उघडता येईल. ज्याचे पारडे जड आहे तो उमेदवार येणार नाही, ही शंका रास्त आहे. त्यास येऊन मिळवावयाचे काहीच नसते. तो न आला तरी कार्यक्रम थांबवू नये. त्याचे नाव लिहिलेली खुर्ची इतरांच्या ओळीत मांडावी, प्रत्येक प्रश्न तिलाही विचारावा आणि ठरलेली तीन मिनिटे सर्वांनी शांत बसावे.