कुंपणानेच शेत खाल्ले तर?



संगणकाला विषाणूंपासून वाचवण्यासाठी आपण अँटिव्हायरस बसवतो आणि निर्धास्त होतो. पण तोच अँटिव्हायरस संगणक बंद पाडू लागला तर? ‘कुंपणानेच शेत खाल्ले’ ही म्हण आपण बेइमानीसाठी वापरतो. इथे बेइमानी कोणाचीच नसते, तरी शेत मात्र जाते. शाळेचे कार्यालय, दवाखाना, पतपेढी, औषधांचे दुकान, अशा अनेक ठिकाणी आता एका सर्व्हरवर सगळ्यांचे काम चालते. सर्व्हर म्हणजे सगळ्यांची वही सांभाळणारा एक संगणक. तो बसला की सगळेच हात जोडून बसतात. म्हणून या महिन्यात या विषयावर थोडे बोलू.

१९ जुलै २०२४, जुम्म्याचा दिवस. आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे झाली होती. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने आपल्या सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल जगभर पाठवली. ती पोहोचताच विंडोजवर चालणारे सर्व्हर आणि संगणक निळा पडदा दाखवून बंद पडू लागले. पुन्हा सुरू केले की पुन्हा बंद. कंपनीने ७८ मिनिटांत ती फाइल मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख यंत्रे अडकली होती. आपल्या देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ब्रिटनमध्ये अनेक डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी उघडता येईनात. अमेरिकेतल्या डेल्टा या विमान कंपनीची पाच दिवसांत सुमारे ७ हजार उड्डाणे रद्द झाली. हा कोणाचा हल्ला नव्हता. पहारेकऱ्याचीच चूक होती.

चूक किती मोठी होती? शिक्षकाच्या भाषेत सांगायचे तर एका रकान्याची. नवी फाइल २१ रकान्यांतली माहिती तपासायला सांगत होती, आणि संगणकात बसलेला प्रोग्राम २० रकानेच भरून देत होता. आधीच्या फाइलींमध्ये एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असे असायचे, त्यामुळे ही तफावत कधी उघडी पडली नाही. त्या दिवशी प्रथमच एकविसावा रकाना खरोखर मागितला गेला. जे तिथे नव्हतेच ते वाचायला प्रोग्राम गेला आणि कोसळला.

साधा प्रोग्राम कोसळला तर तेवढाच बंद होतो. अँटिव्हायरसचे तसे नाही. चोर कुठेही लपू शकतो, म्हणून या पहारेकऱ्याला आपण घराच्या अगदी आतल्या खोलीची किल्ली देतो. संगणकातल्या त्या खोलीला कर्नेल म्हणतात. तिथे कोणी अडखळले की विंडोज सगळा कारभार थांबवते, कारण पुढे चालू ठेवले तर माहिती खराब होण्याची भीती असते. तो निळा पडदा म्हणजे हीच थांबण्याची सूचना.

असे पहिल्यांदा घडले असेही नाही. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या अँटिव्हायरसने विंडोज एक्सपीमधली एसव्हीसीहोस्ट ही अत्यावश्यक फाइल विषाणू समजून बाजूला काढली. हजारो संगणक आपोआप बंद-चालू होत राहिले. घरच्याच माणसाला चोर समजून बाहेर काढावे, तसा हा प्रकार.

आता प्रश्न इलाजाचा. तुमच्या कार्यालयातला सर्व्हर वारंवार बंद पडत असेल, तर आधी वेळ पाहा. बिघाड कधीपासून सुरू झाला, आणि त्याच सुमारास अँटिव्हायरसचे अपडेट आले होते का? विंडोजमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ ही नोंदवही असते. हजेरीपटासारखी ती तारीखवार उघडून बघा. बंद पडण्याच्या मिनिटभर आधी कोणाचे नाव आले आहे, ते तिथे बऱ्याचदा सापडते.

मग दोन पहारेकरी एकाच दारात उभे नाहीत ना, हे तपासा. घरच्या विंडोजमध्ये दुसरा अँटिव्हायरस बसवला की मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर आपोआप मागे सरतो. विंडोज सर्व्हरमध्ये तो आपोआप मागे सरत नाही. मग दोघे एकाच फाइलवर एकदम हात टाकतात आणि सर्व्हर धापा टाकू लागतो. दोघांपैकी एकच ठेवा.

हिशेबाचा किंवा नोंदींचा डेटाबेस असेल, तर अँटिव्हायरस त्याच्या फाइली सतत तपासत असतो. त्यानेही काम अडते. एसक्यूएल सर्व्हरच्या डेटा फाइली या तपासणीतून वगळाव्यात, अशी शिफारस मायक्रोसॉफ्ट स्वतः करते. पण वगळायच्या त्या फाइलीच, अख्खी ड्राइव्ह नव्हे. संपूर्ण तपासणीची वेळ रात्रीची ठेवा.

आणि एका वेळी एकच बदल करा. गणितात आपण मुलांना सांगतो ना, एक पायरी सोडवा, ती तपासा, मग पुढची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि सर्व्हर सुरू झाला, तर मर्ज कोणता होता ते कधीच कळणार नाही. नीम हकीम खतरा-ए-जान म्हणतात, ते इथेही लागू आहे.

यंत्र सुरूच होत नसेल तर? दोन-तीनदा सुरू होण्यात अडले की विंडोज बहुधा स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवते. तिथून ‘सेफ मोड’मध्ये जाता येते. त्यात विंडोज अगदी गरजेपुरते सामान घेऊन उठते. मग दोषी फाइल किंवा अपडेट काढता येते. जुलै २०२४ मध्ये हाच इलाज होता, पण तो बहुतेक ठिकाणी एकेका यंत्राशी बसून करावा लागला. त्यात आणखी एक अडचण आली. ज्यांच्या डिस्कला बिटलॉकरचे कुलूप होते, त्यांना ४८ अंकी रिकव्हरी की विचारली गेली. काही संस्थांत ती किल्लीही बंद पडलेल्या सर्व्हरवरच ठेवलेली होती. कपाटाची चावी कपाटातच!

हे वाचून अँटिव्हायरसच काढून टाकावा, असे कोणी म्हणेल. तसे करू नका. एका अपघातामुळे दार उघडे टाकून कोणी झोपत नाही. मात्र पहारेकऱ्यालाही नियम हवेत. अपडेट आधी एका कमी महत्त्वाच्या संगणकावर घ्यावे, एखादा दिवस पाहावे, मग सर्व्हरवर. क्राउडस्ट्राइकनेही त्या घटनेनंतर अशा फाइली टप्प्याटप्प्याने पाठवण्याचे ठरवले. घरच्या संगणकाला एवढ्याची गरज नाही. तिथे अपडेट वेळेवर घेणेच हिताचे.

ज्याच्यावर सर्वांत जास्त भरवसा, त्याची पारख सर्वांत कसून व्हायला हवी. आणि भरवसा कितीही असला तरी बॅकअपची एक प्रत सर्व्हरपासून वेगळी हवी, आणि ती उघडते का हे अधूनमधून पाहायला हवे. तुमच्या घरच्या लॅपटॉपलाही बिटलॉकरचे कुलूप असू शकते. त्याची किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती शोधा, कागदावर लिहा आणि रेशनकार्डासोबत जपून ठेवा. लॅपटॉप बंद पडेल त्या दिवशी हाच कागद कामाला येईल.