अंगठ्याचे स्टिअरिंग

शर्यतीच्या खेळात गाडी वळवायला अंगठा पुरतो. वेग वाढला की अनेक खेळ चाकाचे वळणे आपणच कमी करतात आणि आपली चूक झाकतात. १९९७ च्या ड्युअलशॉक कंट्रोलरने हाताला कंप दिला. पण कंप म्हणजे भार नव्हे. लासुर्ण्याच्या रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरची पुढची चाके चढाला हलकी होतात. स्टिअरिंग फिरते, ट्रॅक्टर वळत नाही. २०११ साली ब्रिटिश तरुण यान मार्डनबरो खेळातूनच खरा शर्यतपटू झाला, पण खऱ्या गाडीत बसून शिकल्यावरच. मित्रहो, खेळ जरूर खेळावा. नजर तयार होते. मात्र गळीत हंगामात ट्रॅक्टरवर चढताना अंगठ्याची ऐट घरी ठेवावी. समोरून शाळेची पोरे सायकलवर येत असतात.