पाण्यासाठीची झोंबी

मराठी वाचकाला ‘झोंबी’ हा शब्द हॉलिवूडने शिकवलेला नाही. अंगाला अंग भिडवून केलेली झटापट, हा त्याचा जुना अर्थ. आनंद यादव यांनी १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात्मक कादंबरीला हेच नाव दिले. शिक्षणासाठी दारिद्र्याशी झगडणाऱ्या मुलाची ती कहाणी १९९० मध्ये साहित्य अकादमी पुरस्काराची मानकरी ठरली. पुढे तीन दशकांनी, २६ जानेवारी २०२२ रोजी, आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘झोंबिवली’ पडद्यावर आला, आणि याच उच्चाराच्या परक्या शब्दाने, म्हणजे मेल्यावरही चालत राहणाऱ्या, माणसांचे लचके तोडणाऱ्या देहाने, मराठी चित्रपटात पाऊल टाकले. दोन्ही शब्दांचे मूळ वेगळे. मात्र दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. जगण्याची साधने अपुरी पडतात, तेव्हा ती कोणाच्या वाट्याला येतात?

झोंबीपटांना केवळ रक्तरंजित करमणूक समजणे चुकीचे ठरेल. हैतीच्या लोककथांतील झोंबी मुळात कोणाला खात नसे. तो मरणानंतरही मालकासाठी राबणारा गुलाम होता. उसाच्या मळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या पिळल्या गेलेल्या समाजाला मरणानेही सुटका होणार नाही, ही भीती वाटावी, यात नवल नाही. अमेरिकी दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो यांनी १९६८ मध्ये ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मधून या कल्पनेला आजचे रूप दिले. त्यातील कृष्णवर्णीय नायक रात्रभर झोंब्यांपासून बचावतो आणि सकाळी मदतीला आलेल्या बंदूकधाऱ्यांच्याच गोळीला बळी पडतो. १९७८ च्या ‘डॉन ऑफ द डेड’मध्ये त्यांनी झोंब्यांना खरेदीसंकुलात भटकायला लावून चंगळवादाची खिल्ली उडवली. २००५ च्या ‘लँड ऑफ द डेड’मध्ये तर श्रीमंत एका आलिशान मनोऱ्यात सुरक्षित आहेत आणि गरीब त्याच्या पायथ्याशी झोपड्यांत. राक्षस बाहेरचा असला तरी दोष आतला असतो, हे या परंपरेचे सूत्र आहे.

‘झोंबिवली’ने हे सूत्र अस्सल मराठी मातीत रुजवले. एका बाजूला डोंबिवलीतील उंच टॉवर, तेथे नव्याने राहायला आलेला अभियंता आणि त्याची गर्भवती पत्नी. दुसऱ्या बाजूला पाण्यासाठी झगडणारी जनतानगर ही वस्ती आणि तिचा तरुण नेता. संसर्गाचे मूळ सापडते ते बाटलीबंद पाण्याच्या धंद्यात. ज्या शहरात रासायनिक कारखान्यांच्या शेजारी लोक संसार थाटतात, ज्या शहरातील एमआयडीसीचा रस्ता फेब्रुवारी २०२० मध्ये प्रदूषणामुळे गुलाबी झाला होता, तेथील प्रेक्षकाला ही कल्पना अगदीच अशक्य वाटली नसेल. अमेय वाघ, ललित प्रभाकर आणि वैदेही परशुरामी यांच्या विनोदी धावपळीखाली पाणीवाटपाचे राजकारण दडलेले आहे, ही या चित्रपटाची खरी कमाई.

मुळशीचा आरसा

या कथेला डोंबिवलीच हवी होती असे नाही. पाणी आणि विषमता यांची गाठ पाहायची, तर पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका पुरेसा आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील ताम्हिणीचा परिसर राज्यातील अतिवृष्टीच्या भागांत मोडतो. येथील मुळा नदीवर टाटांच्या वीज प्रकल्पासाठी धरण बांधण्याचे काम सुरू झाले, तेव्हा जमिनी बुडणाऱ्या मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह पुकारला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ म्हणून ओळखले जाऊ लागले ते या लढ्यातून. लढा विझला, धरण झाले, गावे पाण्याखाली गेली. हे पाणी आजही सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजगृहात जाते. मुंबईच्या दिव्यांसाठी मावळाने दिलेली ती किंमत होती. धरणग्रस्तांच्या पदरात काय पडले, हा प्रश्न शंभर वर्षांनंतरही संपलेला नाही.

याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला हिंजवडीचे आयटी पार्क उभे आहे. काचेच्या इमारती, भोवती वीस-वीस मजली गृहसंकुले, फाटकावर सुरक्षारक्षक आणि उन्हाळ्यात त्याच फाटकासमोर टँकरची रांग. भरपूर पावसाच्या तालुक्यात पाणी विकत घ्यावे लागते. आणि जून २०२५ मध्ये पावसाने जोर धरला, तेव्हा येथीलच रस्त्यांना नद्यांचे रूप आले. शेत विकणाऱ्या कुटुंबांचे पुढे काय होते, हे प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ने २०१८ मध्ये दाखवले. त्यात एकही झोंबी नाही, पण जमीन गेलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला गुन्हेगारी कशी गिळते, याचे चित्रण कोणत्याही भयपटाइतकेच अस्वस्थ करते. आपल्याच शिवारात उभ्या राहिलेल्या संकुलाच्या दारावर पहारा करण्याची पाळी ज्याच्यावर येते, त्याला हैतीच्या झोंबीची गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

फाटकांची परीक्षा अलीकडे दोनदा झाली. २०२० च्या मार्चमध्ये करोनाचे राज्यातील पहिले रुग्ण पुण्यात आढळले आणि बघता बघता सोसायट्यांनी घरकाम करणाऱ्या बायकांना बाहेर ठेवले, तर गावांनी वेशीवर काट्या टाकून शहरवासीयांना अडवले. प्रत्येकाला दुसरा झोंबी दिसत होता. पुढे जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड या भागांत हातापायांतील बळ हिरावणाऱ्या ‘जीबीएस’ या आजाराचे रुग्ण वाढले. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला आणि संशयाची सुई पिण्याच्या पाण्याकडे वळली. चित्रपटात जे अतिशयोक्त वाटले होते, त्याची सौम्य आवृत्ती शहराच्या वेशीवर घडली. दूषित पाण्याला फाटक अडवत नाही, हा त्यातील धडा.

येथेच या साहित्यप्रकाराची मर्यादाही स्पष्ट होते. झोंबीकथेत संकट एका रात्रीत कोसळते आणि प्रेक्षक स्वतःला नेहमी फाटकाच्या आत, बचावलेल्यांच्या बाजूने कल्पितो. प्रत्यक्षात टंचाई एका रात्रीत येत नाही. इमारतीला परवानगी देताना पाण्याचा हिशेब न विचारणे, विकतच्या टँकरवर शहर वाढू देणे, नदीत सांडपाणी सोडणे, असे अनेक लहान निर्णय तिच्यामागे असतात. त्यातील बहुतेक निर्णयांवर कोणाची ना कोणाची सही असते. विषाणूला दोषी ठरवले की या सह्या विसरल्या जातात.

तरीही उपहासाचे काम वाया जात नाही. वृत्तपत्रातील टंचाईची बातमी चाळून पान उलटणारा प्रेक्षक चित्रपटगृहात दोन तास वस्तीकडे पाहतो आणि टॉवर वाचवायचा तर वस्तीही वाचली पाहिजे, एवढे तरी मान्य करतो. मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ साली हेच वेगळ्या शब्दांत विचारले होते: दुसऱ्याच्या घरातील दिव्यासाठी आमचेच घर का बुडावे? या प्रश्नाचे उत्तर जोवर मिळत नाही, तोवर ‘झोंबी’चा जुना मराठी अर्थच अधिक खरा राहील, आणि टँकर येईपर्यंत ती झटापट फाटकाच्या दोन्ही बाजूंना चालू राहील.