लहान चणीचा मल्ल

माणसाची योग्यता त्याच्या आकारावरून ठरवू नये, असे आपण मुलांना शिकवितो. आणि आखाड्याच्या कडेला उभे राहिलो, की तोच निर्णय पहिल्या दृष्टिक्षेपात करून मोकळे होतो. लातूरच्या सिद्धेश्वराच्या किंवा नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतील कुस्त्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना हे निराळे सांगावयास नको. आरंभी लहान मुलांच्या जोडी लागतात; पुढे इनाम चढत जाते आणि इनामाबरोबर मल्लांची अंगेही चढत जातात. शेवटच्या मानाच्या कुस्तीस उतरणारे दोघे बहुधा धिप्पाडच असावयाचे. अशा मुलखात एखादा मुलगा महाविद्यालयाच्या सामन्यांत एकामागून एक कुस्त्या मारतो, परंतु चणीने लहान आहे. त्याने ही विद्या पुढे आयुष्याचा व्यवसाय म्हणून धरावी की नाही? स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा पार पडल्या, की हा प्रश्न काही घरांतून तरी उभा राहतोच. त्याचे उत्तर मायेने अगर हौसेने न देता विचाराने द्यावयाचे, तर कसोटी कोणती लावावी, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

अशा प्रसंगी खाशाबा जाधवांचे नाव हटकून निघते, आणि ते योग्यच आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल उंचीने सुमारे साडेपाच फूट. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांची किरकोळ अंगकाठी पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांना वार्षिक स्पर्धेत घेण्याचे नाकारले आणि प्राचार्यांकडे दाद मागितल्यावर त्यांना परवानगी मिळाली, असे सांगतात. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले; १९५२ साली हेलसिंकीस ५७ किलोच्या गटात त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्या प्रवासाच्या खर्चासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकले होते. खर्डेकरांची पारख खरी ठरली.

परंतु या उदाहरणावरून प्रत्येक ठेंगणा मुलगा खाशाबा ठरत नाही. शिवाय त्यातील मर्म आपण बहुधा विसरतो. खाशाबा दांडग्यांना लोळवून पदक घेऊन आले नाहीत. ते आपल्या तोलाच्या जगातील उत्तम मल्लांशी लढले. म्हणून पहिला प्रश्न ‘मुलगा लहान आहे काय?’ हा नसून ‘तो कोणत्या कुस्तीसाठी लहान आहे?’ हा आहे. महाराष्ट्र केसरीच्या गदेची लढत ८६ ते १२५ किलो वजनाच्या मल्लांत होते; तेथे ५७ किलोचा मल्ल कितीही निपुण असला, तरी त्यास प्रवेशच नाही. ऑलिंपिकच्या मुक्त शैलीत मात्र ५७ किलोपासून १२५ किलोपर्यंत सहा गट आहेत, आणि सहाही गटांतील सुवर्णाची किंमत एकच.

लातूरकरांस याची साक्ष दूर शोधावयास नको. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. ते मोठ्या वजनाचे मल्ल. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांच्याच हाताखाली तयार झालेले काका पवार, हेही लातूर जिल्ह्याचेच, हलक्या वजनी गटांत ग्रीको-रोमन पद्धतीने लढले आणि १९९८ च्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी झाले. पवारांचे शिष्य, बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे राहुल आवारे यांनी २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक मिळविले आणि २०१९ साली जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक. ज्या गुरूने स्वतः गदा मिळविली, त्याने हलक्या शिष्याला गदेच्या मापाने मोजले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

येथे कोणी म्हणेल, की वजनाचे गट आहेत, तर मग चिंता कसली? चिंता आहे. वरच्या पायरीवर ५७ किलोच्या गटात उतरणारे पुष्कळ मल्ल एरवी त्याहून बरेच जड असतात. आहार आणि पाणी तोडून ते वजनाच्या काट्यापुरते खाली येतात. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वजन लढतीच्या दिवशी सकाळीच घेतात, त्यामुळे या प्रकाराला काहीसा आळा बसला. तो थांबला मात्र नाही. म्हणजे ज्याचे स्वाभाविक वजनच ५६ किलो आहे, तो आपल्या गटातही लहानच ठरावयाचा.

तेव्हा खरी परीक्षा ती पुढेच. ‘लातूर पॅटर्न’च्या गावातील पालकांस एक गोष्ट पक्की ठाऊक आहे : पाठांतराच्या बळावर पहिला आलेला मुलगा आणि विषय समजून पहिला आलेला मुलगा यांच्या गुणपत्रिका सारख्याच दिसतात, भेद वरच्या वर्गात कळतो. कुस्तीचेही तसेच आहे. मुलगा किती कुस्त्या जिंकला हे मोजू नये. कशाने जिंकला ते पाहावे. प्रतिस्पर्धी मंद होता म्हणून पट लागला असेल, तर तो पट राष्ट्रीय स्पर्धेत लागणार नाही. कारण तेथे सारेच चपळ. परंतु समोरच्याचा तोल नेमका कोणत्या क्षणी सुटतो हे ओळखून लावलेला पट कोठेही लागतो. दुसरे असे, की एकाच मल्लाशी तिसऱ्यांदा गाठ पडली असता काय होते? ज्याचा एकच डाव आहे, तो ओळखला गेला की संपला. तिसरे, मॅटवरची लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची. त्यातील सहाव्या मिनिटास मुलाचा दम कसा राहतो? आणि चौथे, तो हरतो कसा? डाव चुकून हरत असेल, तर ते शिक्षणाने सुधारेल. परंतु समान वजनाच्या मल्लाकडूनही दर वेळी रेटला जाऊन वर्तुळाबाहेर जात असेल आणि दोन वर्षांच्या मेहनतीनेही त्यात फरक पडत नसेल, तर ती शरीराची मर्यादा मानावी.

या कसोटीत उतरलेल्या मुलाला आमच्या मते अवश्य पुढे जाऊ द्यावे. मात्र गदेच्या लोभाने खुराक वाढवून त्याला जड करण्याच्या भरीस पडू नये. तसे केल्याने वजन वाढते आणि ज्या चपळाईवर तो जिंकत होता तीच जाते. तसेच त्याचे शिक्षण सोडवू नये. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे खरे. पण त्या जागांनाही पदाप्रमाणे शिक्षण लागते. खुद्द खाशाबा महाविद्यालयात शिकलेले होते, आणि १९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले.

आणि जो उतरला नाही, त्याचे काय? त्याला ‘तू लहान आहेस’ असे सांगून घरी बसवू नये. ‘या चार गोष्टींत तू कमी पडलास’ असे सांगावे. पहिले वाक्य मुलाला आयुष्यभर सलते, कारण त्यावर त्याचा उपाय चालत नाही. दुसरे त्याला पटते, कारण ते त्याने स्वतः अनुभवलेले असते. शरीराची उंची भिंतीवर खूण करून कोणासही मोजता येते. गुण वरच्या पायरीवर टिकेल की नाही, हे पाहण्यास दोन वर्षांचा धीर लागतो, आणि तेवढा धीर धरणे हे पालकांचे कर्तव्यच आहे.