पूल नको, पाणवठा

सवर्ण-दलितांत 'पूल बांधू' म्हणणाऱ्यांची भाषणं ऐकून कान किटले.

कोल्हापुरात पंचगंगेवरचा शिवाजी पूल बघा. १८७८ चा, दगडी कमानींचा. त्यावरनं सगळ्या जाती चालल्या, पूल बाटला नाही. का? पुलावरनं जाणाऱ्याच्या पायाला पाणी लागत नाही! बाटत होतं ते पाणी. म्हणून पुलाला ४१ वर्षं झाल्यावरही, १९१९ ला, शाहू महाराजांना हुकूम काढावा लागला : सार्वजनिक पाणवठ्यावर शिवाशिव चालणार नाही. १९२७ ला बाबासाहेब महाडला पूल बांधायला गेले नव्हते. चवदार तळ्यात उतरले, ओंजळ भरली.

तेव्हा त्यांना सांगा : तुमचा पूल म्हणजे न भिजता पलीकडं जायची सोय. ती तुमची तुम्हालाच लखलाभ. आधी खाली उतरा. एका घाटावर, एका पाण्यात. मग पुलाचं बोलू.

जयभीम!