मुहूर्त टळलेली नवरी

मागच्या रविवारी आमच्या तेलगावच्या घरी आम्ही चार-पाचजणींनी मिळून ‘दोघी’ पाहिला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा १९९५ सालचा सिनेमा. गौरीच्या लग्नाला येणारं वऱ्हाड अपघातात सापडतं, नवरदेव जातो. बाप अंथरूण धरतो. गाव पोरीलाच अपशकुनी ठरवतं. मामा तिला मुंबईला नेतो आणि तिथं तिच्या नशिबी देहविक्रय येतो. तिच्या पैशावर घर चालतं. पण धाकट्या कृष्णाच्या लग्नाला ती आली, की आईच्याच पोटात गोळा येतो.

सिनेमा संपला आणि आमची जुंपली. सासूबाई म्हणाल्या, “आईचं काय चुकलं? एक तर गेली, दुसरीचं तरी नीट व्हावं की!” शेजारच्या मावशी उसळल्या, “मग पैसे घेताना नाही झाला का विटाळ?”

सासूबाईंना मी खोटं ठरवू शकले नाही. कृष्णाचं लग्न मोडलं असतं, तर गाव काही भाकरी घेऊन दारात येणार नव्हतं. पण मैत्रिणींनो, आईची भीती खरी असली म्हणून पोरीचं पाप खरं ठरतं का?

आपली अंबाजोगाईची योगेश्वरी आठवा. आख्यायिका अशी, की परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं, पण मुहूर्त टळला. वऱ्हाड दगडाचं झालं आणि देवी कुमारिकाच राहिली. तिला कुणी पांढऱ्या पायाची म्हणतं का? उलट नवरात्रात आपण तिचीच ओटी भरतो. मग माणसाच्या लेकीला वेगळा न्याय कुणी लावला? देवानं तर नाही.

हे बोलताना मीच अडखळले. येत्या वैशाखात माझ्या लेकीचं लग्न आहे. माझी थोरली जाऊ विधवा. दरवर्षी मुलासोबत ऊसतोडीला जाते. मांडवासाठी तिनं स्वतःहून पैसे दिले आणि म्हणाली, “हळदीला मी मागंच बसते गं.” मी “नको” म्हणाले नाही. खरं सांगू? मनातून सुटल्यासारखंच वाटलं. तिच्या कष्टाचा पैसा चालला, हात चालला नाही. मग सिनेमातल्या आईत आणि माझ्यात फरक तो काय?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पुढं सरकारनंही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. पण ठराव कागदावर राहतो. हळदीची वाटी आपल्या हातात असते.

काल जाऊबाईंना सांगून आले, पहिली हळद तुम्हीच लावायची. त्या रडल्या. सासूबाई अजून बोलत नाहीत. बोलतील. मी थांबीन, पण वाटी मागं घेणार नाही.